वडिलांच्या नावावरची गाडी: वाचकांचे प्रश्न

घरातला माणूस गेला की बँक, घर, शेत यांचे कागद लगेच निघतात. गाडीचा विषय मागे पडतो, कारण किल्ली हातात असते आणि गाडी चालू असते. मुदतींच्या बाबतीत मात्र सगळ्यात आधी अडचण गाडीचीच होते. या महिन्यात या विषयावर इतकी पत्रे आली की पूर्ण सदर त्यालाच दिले आहे.

वडील तीन आठवड्यांपूर्वी वारले. मोटार त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. घरात आई, मी आणि लग्न झालेली बहीण. आजी गावी असते. मृत्युपत्र नाही. गाडी माझ्या नावावर करायची आहे. सुरुवात कुठून करू? (सांगली)

तुमच्या हातात अजून एक आठवडा आहे, तो वाया घालवू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ५६ नेमका याच प्रसंगासाठी आहे. मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांच्या आत, मृत्यू झाला असून गाडी यापुढे मी वापरणार आहे, असे आरटीओला लेखी कळवायचे. तसे कळवले तर मृत्यूपासून तीन महिने ती गाडी तुमच्या नावावर झाल्यासारखी वापरता येते. त्याच तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये हस्तांतरणाचा अर्ज करायचा. पहिले पत्र बहुतेक जण देतच नाहीत, कारण त्याबद्दल कुणी सांगत नाही. साध्या कागदावर गाडीचा नंबर, मृत्यूची तारीख, तुमचे नाव-पत्ता आणि नाते लिहा, मृत्यू दाखल्याची प्रत जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. ती शिक्क्याची प्रत गाडीतच ठेवा.

आता वारस. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगे आणि मुली यांच्याबरोबर त्याची आईही येते, आणि प्रत्येकाचा वाटा सारखा असतो. म्हणजे गावच्या आजींची संमती लागेल, आणि बहिणीचीही. लग्न झाल्याने तिचा हक्क जात नाही. आई, बहीण आणि आजी यांनी 'गाडी याच्या नावावर करण्यास आमची हरकत नाही' अशी प्रतिज्ञापत्रे द्यायची आणि तुम्ही सर्व वारसांची नावे सांगणारे प्रतिज्ञापत्र करायचे. नोटरीकडे जाण्याआधी आरटीओच्या खिडकीवर त्यांचा मजकूर मागून घ्या. प्रत्येक कार्यालयाचा आपला नमुना असतो आणि दुसऱ्या शब्दांत लिहिलेले प्रतिज्ञापत्र परत येते. आजी प्रवास करू शकत नसतील तर गावच्या तालुक्याच्या ठिकाणी नोटरीसमोर त्यांचा अंगठा किंवा सही घेता येते.

वारस दाखल्याबद्दल फार गोंधळ आहे. तलाठ्याकडची वारस नोंद सातबाऱ्यासाठी असते, गाडीसाठी नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचे उत्तराधिकार प्रमाणपत्र येणी आणि रोख्यांसाठी असते. गाडीसाठी ते मिळवण्यात महिने घालवू नका. महाराष्ट्रात दिवाणी न्यायालय देते तो वारस दाखला १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली मिळतो, आणि वारसांत वाद असेल किंवा कार्यालयाने लेखी मागणी केली असेल तरच त्या वाटेला जावे. वाद नसेल तर सहसा प्रतिज्ञापत्रांवर काम होते.

कागद असे: नमुना ३१, मूळ आरसी, मृत्यू दाखला, चालू विमा, चालू पीयूसी, तुमचा आधार आणि पॅन (पॅन नसेल तर नमुना ६०), वारसांची प्रतिज्ञापत्रे आणि त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती, आणि चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा. आरसी सापडत नसेल तर आधी पोलिसांत हरवल्याची नोंद आणि नमुना २६ मध्ये दुय्यम प्रतीचा अर्ज. अर्ज परिवहन संकेतस्थळावर भरायचा: वाहन सेवा, राज्य महाराष्ट्र, गाडीचा नंबर, चेसिसचे शेवटचे पाच आकडे, मग मालकी हस्तांतरणात मृत्यूमुळे होणारा प्रकार निवडायचा. तिथे चुकून विक्रीचा प्रकार निवडला तर नमुना २९ आणि ३० तयार होतात, त्यावर विकणाऱ्याची सही लागते आणि अर्ज तिथेच अडतो. नियम ८१ प्रमाणे मोटारीच्या हस्तांतरणाचे मूळ शुल्क ३०० रुपये, दुचाकीचे १५०. स्मार्ट कार्ड आणि टपालाचा खर्च वेगळा.

अडचण येते ती ओटीपीची. तो वाहन प्रणालीत नोंदलेल्या मोबाइलवर जातो, म्हणजे वडिलांच्या. त्यांचे सिम कार्ड नवी आरसी हाती येईपर्यंत बंद करू नका. प्रीपेड असेल तर रिचार्ज चालू ठेवा. विमा कंपनी, फास्टॅग आणि बँकेचे संदेशही त्याच नंबरवर येतात. सिम आधीच बंद केले असेल तर मोबाइल बदलाचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्यात आठवडे जातात.

गाडी १ एप्रिल २०१९ आधीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का पाहा. नसेल तर आरटीओ हस्तांतरण पुढे सरकू देत नाही. महाराष्ट्रात मोटारीच्या प्लेटचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये १० पैसे. थकलेली ई-चलनेही अर्जाआधीच भरून टाका.

वडिलांच्या गाडीला गिऱ्हाईक आले आहे. एजंट म्हणतो, नावावर करायची गरजच नाही. वडिलांनी सही करून ठेवलेले नमुना २९ आणि ३० आहेत, तारीख टाकून काम करून देतो. चालेल का? (पुणे)

चालणार नाही. मृत माणसाच्या सहीपुढे मृत्यूनंतरची तारीख घालणे हा बनावट दस्तऐवज आहे, आणि मृत्यूआधीची तारीख घालणे हीसुद्धा बनवाबनवीच आहे. एजंटचे नाव त्या कागदावर कुठेही नसते. गाडीचा ताबा देणारे, पैसे खात्यात घेणारे तुम्ही असता. पुढे घेणाऱ्याने गाडी नावावर करून घेतलीच नाही आणि अपघात झाला तर भरपाईची नोटीस नोंदणीकृत मालकाच्या घरी येते. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले: गाडी चार हात फिरली तरी नोंदणीत ज्याचे नाव, तो जबाबदार. वडिलांचे नाव नोंदणीत राहिले तर तो दावा त्यांच्या मागे राहिलेल्या मिळकतीवर येतो.

आधी नमुना ३१ ने गाडी आईच्या किंवा तुमच्या नावावर करा, मग विक्री. यात काही आठवडे जातील आणि गिऱ्हाईक कदाचित थांबणार नाही, जाऊ द्या. विक्रीच्या दिवशी ताबा पावतीवर तारीख आणि वेळ दोन्ही लिहा, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या, आणि विक्री राज्यातल्या राज्यात असेल तर १४ दिवसांत नमुना २९ स्वतः आरटीओला कळवा. जुन्या गाड्यांच्या दुकानदाराला देत असाल तर तो आरटीओकडे नोंदलेला अधिकृत विक्रेता आहे का विचारा. तसा असेल तर नमुना २९ग भरून ताबा दिल्यावर गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते. स्वतःच्या वापरातली मोटार विकून आलेल्या पैशांवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, ही एक काळजी कमी.

वडिलांनी गाडी घेताना नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचे नाव दिले होते. आता तो म्हणतो गाडी त्याचीच. (नाशिक)

नॉमिनीची सोय एप्रिल २०२१ च्या अधिसूचनेने आली. नॉमिनी नोंदलेला असेल तर आरटीओ त्याच्या ओळखीची खात्री आणि मृत्यू दाखला पाहून गाडी त्याच्या नावावर करते. इतर वारसांची प्रतिज्ञापत्रे मागत नाही. त्यामुळे आरटीओत भावाचे काम होईल. पण आपल्याकडे नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे: विम्याच्या रकमेबाबत १९८३ मध्ये, शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये, दोन्ही निकाल सर्वोच्च न्यायालयाचे. तेच तत्त्व धरले तर नोंदणी भावाच्या नावावर झाली तरी तुमचा आणि आईचा किमतीतला वाटा संपत नाही. गाडीची आजची किंमत काढून तेवढी रक्कम बाकीच्या वाटणीत धरा आणि सर्वांच्या सह्यांनी लिहून ठेवा. काही वर्षे जुन्या मोटारीसाठी भावाविरुद्ध दावा लावण्यात अर्थ नाही. वकिलाचा खर्च गाडीच्या किमतीपुढे जातो.

गाडीचा विमा वडिलांच्या नावावर असून अजून सात महिने बाकी आहेत. नूतनीकरणाच्या वेळी नाव बदलले तर चालेल ना? नो क्लेम बोनस ५० टक्के आहे, तो जाईल का? (लातूर)

सात महिने थांबू नका. मोटार विम्याच्या नियमांप्रमाणे विमाधारक गेल्यावर पॉलिसी लगेच संपत नाही, पण ती मृत्यूपासून तीन महिने किंवा तिची मुदत, यातले जे आधी येईल तोपर्यंतच टिकते. हप्ता वर्षाचा भरलेला आहे म्हणून वर्षभर संरक्षण आहे असे समजून लोक गाडी चालवतात, आणि पाचव्या महिन्यात गाडी ठोकली की दावा नाकारला जातो. कंपनीला मृत्यू दाखला, मूळ पॉलिसी आणि वारसाहक्काचे कागद द्या. नवी आरसी यायची असेल तर अर्जाची पावती जोडा, आणि पत्र दिल्याची पोच घ्या.

बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, वाचू शकतो. एरवी तो गाडीबरोबर जात नाही, मालकाबरोबर जातो. मात्र मृत्यूनंतर गाडी ज्या जवळच्या वारसाकडे, म्हणजे पत्नी, मुले किंवा आईवडिलांकडे जाते, त्याला तो मिळू शकतो. मागितल्याशिवाय कुणी देत नाही. ५० टक्के सूट गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते, तृतीय पक्षाच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या, हप्त्यावर नाही. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर बोनस शून्यावर येतो.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचे. वडिलांचा मृत्यू ही गाडी चालवताना अपघातात झाला असेल तर पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे का ते आधी पाहा. त्यांचा वाहन परवाना चालू असेल तर ती रक्कम कुटुंबाला मिळते. अनेक घरांत गाडीच्या दुरुस्तीचा दावा होतो आणि हा दावा राहूनच जातो. उलट, आता गाडी आईच्या नावावर केली आणि त्यांच्याकडे परवाना नसेल, तर हे कलम त्यांना लागूच होत नाही आणि त्याचा हप्ताही घेता येत नाही. पॉलिसीत तो लावला असेल तर काढायला सांगा.

गाडीवर बँकेचे कर्ज आहे, चार लाख बाकी. (ठाणे)

पहिला प्रश्न बँकेला: कर्जाबरोबर जीवन विमा घेतला होता का? हप्त्यातच त्याचे पैसे कापले गेलेले असतात आणि घरच्यांना पत्ता नसतो. असेल तर बाकी रक्कम त्यातून फिटते. नसेल तर कर्ज त्यांच्या मागे राहिलेल्या मिळकतीतून फेडायचे असते. वारसाला जेवढे मिळाले त्यापलीकडे त्याच्या स्वतःच्या खिशातून वसुली होत नाही, तो सहकर्जदार किंवा जामीनदार असल्याशिवाय. मृत्यू कळवला की वडिलांचे खाते गोठते आणि त्यातून जाणारा हप्ता परत जातो. म्हणून ज्या दिवशी कळवाल त्याच दिवशी हप्ता कोणत्या खात्यातून भरायचा हे लेखी ठरवा. कर्ज फिटल्यावर बँकेचा ना हरकत दाखला आणि नमुना ३५ च्या दोन प्रती घ्या, आणि आरसीवरचा बोजा उतरवणे व हस्तांतरण एकत्र करा. कर्ज चालू ठेवून गाडी नावावर करायची असेल तर बँकेची संमती आणि तुमच्या नावाने नवा करार, नमुना ३४ सह.

आई मडगावला राहत होती, ती वारली. गाडी तिच्या नावावर, गोव्याच्या नंबरची. वडील तिथेच आहेत. मी कोल्हापूरला आहे आणि गाडी इकडे आणायची आहे. (कोल्हापूर)

गोव्यात वारसाचा कायदा निराळा आहे. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली पती-पत्नींची सामाईक मालमत्तेची पद्धत आहे. त्या पद्धतीत गाडी आईच्या नावावर असली तरी निम्मी वडिलांची, आणि उरलेल्या निम्म्याचा वारसा मुलांना. तिथला २०१२ चा उत्तराधिकार कायदा सांगतो त्याप्रमाणे विशेष नोटरीसमोर उत्तराधिकाराचा दस्त करायचा, आणि विवाहित मुलांच्या जोडीदारांच्याही सह्या बहुधा लागतात. महाराष्ट्रातल्या नोटरीचे साधे प्रतिज्ञापत्र घेऊन गेलात तर फेरी वाया जाईल.

गाडी कोल्हापूरला आणण्यासाठी गोव्याच्या आरटीओचे नमुना २८ चे ना हरकत प्रमाणपत्र, मग इकडे नमुना ३१ आणि नव्या नंबरसाठी नमुना २७. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो. महाराष्ट्राचा एकरकमी कर गाडीचे वय पाहून पुन्हा भरावा लागेल. गोव्यात भरलेल्या कराच्या परताव्याची चौकशी ना हरकत घेतानाच करा. गाडी आठ-दहा वर्षांची असेल तर आमचा सल्ला असा की ती वडिलांच्या नावावर करून गोव्यातच विका आणि त्या पैशांत इकडची गाडी पाहा.

बाबांची पेट्रोल मोटार आठ महिने अंगणात झाकून उभी आहे. कागदपत्रांचे काम सुरू केले आहे. ती सुरू कशी करावी? (रत्नागिरी)

किल्ली फिरवण्याआधी बॉनेट उघडा. कोकणात आठ महिने उभ्या गाडीत उंदरांनी घर केलेले असणारच असे धरून चाला. एअर फिल्टरचा डबा उघडून आत पाहा, तिथे गवत आणि चिंध्या सापडतात. वायरींचे आवरण कुरतडलेले दिसले तर बॅटरी जोडूच नका. उघडी तार चेसिसला लागली की फ्यूज जातो किंवा आग लागते.

बॅटरी काढताना आधी ऋण टोक, मग धन, लावताना उलट. मीटरवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. आठ महिन्यांनी ती रिकामीच असेल. क्षमतेच्या एक दशांश प्रवाहाने चार्ज करा: ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, दहा ते बारा तास. चार्ज होऊनही दुसऱ्या दिवशी १२.४ च्या खाली येत असेल तर आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसला आहे, नवीच घ्या. अशा बॅटरीला धक्का-स्टार्ट देऊन गाडी काढली तर अल्टरनेटरवर ताण येतो.

ऑइलची कांडी पाहा: दुधाळ दिसले तर पाणी गेले आहे, इंजिन फिरवू नका. कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी पाहा. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते दमट हवेतले पाणी ओढते. टाकी जवळपास रिकामी असेल तर दहा लिटर ताजे पेट्रोल घाला. अर्धी किंवा जास्त भरलेली असून वार्निशसारखा वास येत असेल तर मेकॅनिककडून टाकी रिकामी करून घ्या, नाहीतर इंजेक्टर आणि पंप साफ करण्याचा खर्च मागे लागतो.

इंजिन सुरू झाल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा. ॲक्सिलरेटर दाबून घुर्रघुर्र करू नका, पाच-दहा मिनिटे आपल्या गतीने चालू द्या आणि खाली कुठे गळते का पाहा.

मग ब्रेक. हँडब्रेक ओढून गाडी ठेवली असेल तर मागचे ब्रेक शू ड्रमला गंजून चिकटलेले असतात. गाडी हलत नाही म्हणून क्लच सोडून जोर लावण्याची चूक सगळे करतात. त्यात शूचे अस्तर निघून येते किंवा क्लच जळतो. चाक काढून ड्रमला बाहेरून हातोड्याने हलके ठोके द्या, केबल सैल करा. पुढच्या काळात उभी करताना गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडाची उटी लावा. गाडी सुटल्यावर अंगणातच चालण्याच्या वेगाने ब्रेक दाबून पाहा. पाय खोल जात असेल तर गेटबाहेर नेऊ नका.

टायरवरच्या चार आकड्यांत बनावटीची तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षे उलटलेला टायर, नक्षी भरपूर असली तरी, बाजूच्या भेगांसाठी नीट तपासा, स्टेपनीसुद्धा. हवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीप्रमाणे. किलोमीटर झाले नसले तरी इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुने असेल तर तेही. इंजिनाला टायमिंग बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याची पावती घरात नसेल तर बदलून घ्या. तो तुटला की झडपा आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन खोलावे लागते.

आठ महिने झाले म्हणजे विम्याचे तीन महिने केव्हाच उलटले. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी टोइंगवर न्या; विम्याशिवाय रस्त्यावर पहिल्यांदा पकडले तर २००० रुपये दंड, पण खरा धोका कुणाला धडक बसली तर आहे. तेव्हा सगळी भरपाई घरातून जाते. कंपनी नवी पॉलिसी देण्याआधी गाडीची पाहणी करते, म्हणून दुरुस्ती आधी आणि विम्याचा अर्ज नंतर.

गाडी सतरा वर्षांची आहे, आरसीची मुदत संपली आहे. ठेवावी की भंगारात द्यावी? (अहिल्यानगर)

पंधरा वर्षे झाली म्हणून महाराष्ट्रात खासगी गाडी आपोआप बाद होत नाही. दिल्लीचा नियम इथे लागू नाही. नमुना २५ ने नोंदणीचे नूतनीकरण होते, गाडी दाखवून, पाच वर्षांसाठी. मोटारीचे शुल्क ५००० रुपये, वीस वर्षांपुढच्या मोटारीला २०२५ पासून १०,००० रुपये, उशिराचे दर महिन्याला ५०० रुपये आणि वर पर्यावरण कर. तुमच्या गाडीला दोन वर्षांचा उशीर म्हणजे १२,००० रुपये तिथेच. इंजिन आणि खालचा पत्रा चांगला असेल तरच हा खर्च करा. दारांच्या खालच्या कडेला आणि जॅक लावतात त्या जागेला स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा, तो आत गेला तर गाडी ठेवू नका.

भंगारात देताना नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. तिथे मिळणारे ठेव प्रमाणपत्र नव्या गाडीच्या करात सवलत देते आणि नोंदणी रद्द होते. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिली तर आरसी जिवंत राहते, आणि तो चेसिस नंबर दुसऱ्या चोरीच्या गाडीवर गेला तर पोलीस तुमच्या दारात येतात.

फास्टॅग वडिलांच्या नावाचा आहे, त्यात शिल्लक आहे. तोच वापरू का? (नागपूर)

नवी आरसी येईपर्यंत चालेल, पण त्यात मोठी रक्कम भरू नका. टॅग खातेदाराच्या केवायसीशी जोडलेला असतो. बँकेला मृत्यू कळताच तो बंद होतो आणि शिल्लक नॉमिनी किंवा वारसाच्या दाव्याने परत मिळवावी लागते. नवी आरसी आली की जुना टॅग आधी बंद करा, मग तुमच्या नावाने नवा घ्या, कारण एका गाडीवर दोन टॅग चालू राहत नाहीत. बंद केलेला टॅग काचेवरून खरवडून काढा.